हलकं करा

विनायक, तुझ्या गाडीचा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. या वेळी तुझ्या अंगणात नाही, मल्लिनाथच्या गॅरेजमध्ये. तू त्याला ओळखत नव्हतास. ती गाडी उघडली गेली आणि खाली तू नव्हतास, असं पहिल्यांदाच झालं.

तुझी निधनवार्ता मीच लिहिली. पॉलिटेक्निकमधली नोकरी, निवृत्ती, पश्चात कोण, अंत्यविधी कुठे. आयुष्य पेपरच्या डेस्कवर गेल्यामुळे अशा बातमीला मला वेळ लागत नाही; तुझ्या बातमीलाही लागला नाही. त्या चौकटीत जे बसलं नाही ते इथे लिहितो आहे. त्यातलं बरंचसं बिडाच्या एका चाकाबद्दल आहे आणि उज्ज्वलावहिनींबद्दल.

आधी तो रविवार. गाडीचा क्लच बरेच दिवस घसरत होता. इंजिन ओरडायचं आणि गाडी आपल्याच चालीनं जायची. क्लच प्लेट संपली, बदलायला हवी, असं तू म्हणालास. त्यावर वाद नव्हता. वाद पुढच्या वाक्यावर झाला. "गिअरबॉक्स उतरवणारच आहोत, तर फ्लायव्हील पण हलकं करून घेऊ." तुझ्या या 'तर'पायी घरात अनेक गोष्टी झाल्या होत्या. भिंतीला रंग देणारच आहोत, तर खिडकी सरकवू. खिडकी सरकवणारच आहोत, तर ओटा वळवू. वहिनी म्हणायच्या, "ह्यांना पंखा पुसायला सांगायची सोय नाही. छत काढतील."

फ्लायव्हील म्हणजे काय ते तू मला कॅन्टीनच्या टेबलावर बशी फिरवून समजावलंस. इंजिनच्या मागच्या टोकाला बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक जड चाक असतं. क्लच प्लेट त्याच्यावरच दाबून बसते. इंजिनचा जोर धक्क्याधक्क्यानं येतो. दोन धक्क्यांच्या मधे हे चाक स्वतःच्या वजनावर फिरत राहतं आणि इंजिन बंद पडू देत नाही. मी म्हणालो, "मग जे वजन गाडी चालू ठेवतं तेच कापायचं?" तू म्हणालास, "चालू ठेवतं, पण इंजिनला पळायचं असतं तेव्हा पायात घुटमळतंही." मी म्हणालो, तुझी गाडी शर्यतीत नाही, भाजी आणायला जाते. तू म्हणालास, "भाजीला काय रडत जायचं?"

हा वाद आपण पुढे कितीदा तरी केला. चाक हलकं केलं की गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, सुटताना जरा चूक झाली की बंद पडतं, हे सगळं तूच मला सांगितलंस आणि तरीही ते करायला हवं असंही तूच सांगितलंस. मी तुझेच मुद्दे तुझ्यावर उलटवायचो. तुला त्यात राग येत नसे. उलट, वर्गात कोणी ऐकलं नाही, निदान हा तरी ऐकतो, असं तुझ्या चेहऱ्यावर असायचं.

चाक तू स्कूटरवर पायाशी ठेवून भवानी पेठेत, लोखंड कातणाऱ्या अंबादासच्या लेथवर नेलंस आणि काम झाल्यावर तूच परत आणलंस. मी आलो तेव्हा ते अंगणात जुन्या पेपरावर ठेवलेलं होतं, आरशासारखं चकचकीत. मी विचारलं, "झालं हलकं?" तू म्हणालास, "बघतोयस ना." मी बघत होतो ती फक्त चकाकी. उचलून पाहायचं मला सुचलं नाही.

नवी प्लेट बरोबर मध्यभागी बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा आत जात नाही. ती मध्यभागी धरायला तू झाडूच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून तो आत घातला होतास. वहिनींनी दारातून विचारलं, "माझा झाडू कुठे गेला?"

"क्लचमध्ये आहे," तू गाडीखालून म्हणालास.

"काढा बाहेर. अंगणाची काय दशा केलीत बघा दोघांनी."

मग गिअरबॉक्स छातीवर घेऊन तू आडवा, मी पलीकडून आडवा. "डावीकडे घे. तुझ्या डावीकडे नाही रे, माझ्या." अखेर दांडा आत सरकला तेव्हा तू "बसला!" असं एवढ्या जोरात ओरडलास की शेजारचे काळे गुरुजी गच्चीवर आले. आपण दोघं साठी ओलांडलेली माणसं. तेलानं माखून अंगणात पडून हसत होतो. त्या रविवारासाठी तुझे आभार मानायचे राहिले. मैत्रीत असले आभार मानायची रीत नाही, म्हणून ते राहूनच जातात.

पहिल्या फेरीला तू गाडी होटगी रोडला काढलीस. "बघ कसं उचलतं! बघ!" मी म्हणालो, मला काही फरक कळत नाही. तू म्हणालास, "तुझ्या पायाला छपाईची शाई लागलीय. तुला काय कळणार."

आता वहिनींचं. वळसंगच्या शाळेत त्या शिकवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पंचेचाळिशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या आणि त्यांना तिची भीतीच होती, हे थोड्यांना ठाऊक आहे. चढावर त्यांचा पाय थरथरायचा. गाडी बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि तू शेजारी बसून म्हणायचास, "थांबली का? चहा घेणार असेल." त्या चिडून किल्ली तुझ्याकडे द्यायच्या. शाळेला एसटीनं जायच्या. एसटी वेळेवर नसली की जीपमध्ये अंग चोरून.

फ्लायव्हीलचं काम झाल्यावर तू त्यांना बजावलंस, "आता गाडी नाजूक झालीय. चुकलीस की बंद." त्या म्हणाल्या, मग मी हात लावत नाही. तू म्हणालास, एकदा बसून तर बघ. त्या बसल्या. अक्कलकोट रोडला लागल्या, कुंभारी गेली, वळसंग आलं. गाडी कुठेही बंद पडली नाही. त्या संध्याकाळी तुमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना तू मला सांगितलंस, "भल्याभल्यांना हलक्या फ्लायव्हीलची गाडी उचलता येत नाही. हिनं पहिल्या फटक्यात नेली." वहिनी ताटाकडे बघत होत्या, पण कान तिकडेच होते. पुढच्या सोमवारपासून त्या गाडीनं शाळेत जाऊ लागल्या. एकट्या. शाळेतल्या दोघी शिक्षिकांना बरोबर घेऊन येऊ लागल्या. बोलण्यातही फरक पडला. पूर्वी त्या वाक्य तुझ्याकडे बघून संपवायच्या. ते बंद झालं.

तू गेलास त्यानंतर शाळा सुरू झाली आणि त्या गाडी घेऊनच गेल्या. नातेवाइकांनी नको म्हटलं तरी. एक दिवस कुंभारीच्या पुढे क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी सरकत नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली, कुणाच्या तरी मदतीनं झाडाखाली लावली आणि एसटीनं घरी आल्या. मला फोन केला. आवाज नेहमीचा होता. म्हणाल्या, "भाऊजी, मी क्लच जाळला. ह्यांनी एवढी नाजूक गाडी विश्वासानं दिली, मला पेलली नाही."

करमाळ्याहून त्यांचे मोठे भाऊ आले होते. माणूस प्रेमळ आहे, बहिणीची काळजी करणारा. ते म्हणाले, "उजू, विकून टाक. विनायकराव होते तोवर ठीक होतं. तुझ्यानं व्हायचं नाही हे. मी गिऱ्हाईक बघतो." वहिनी हो म्हणाल्या. मला म्हणाल्या, विकण्यापुरती दुरुस्त करून द्या. म्हणजे गाडी जाणार होती. गाडीबरोबर काय काय जाणार होतं हे त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं.

मल्लिनाथनं गिअरबॉक्स उतरवला त्या दिवशी वहिनी स्वतः गॅरेजमध्ये आल्या. म्हणाल्या, "जळलेला क्लच मला बघायचाय. एवढ्या हलक्या फ्लायव्हीलच्या गाडीचं काय केलं मी, ते कळू दे."

मल्लिनाथनं प्लेट त्यांच्यापुढे धरली. "जळलाय कुटं, वैनी? भिजलाय. ह्यो बगा. हितलं मागचं ऑइल सील गळतंय, त्येल समदं प्लेटीवर. बुळबुळीत झाल्यावर प्लेट धरंल कशी? ह्यात तुमचा काय दोष न्हाय."

वहिनींनी प्लेटवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी ते पदराला पुसलं. त्यांचं लक्ष नव्हतं, नाहीतर पुसलं नसतं.

"दोष माझा नाही?"

"सीलचा हाय की. सील काय तुमी गाळलं?" मग त्यानं बाकावरचं चाक उचललं आणि जे बोलायला नको होतं ते बोलला. "आन वैनी, मगापासनं हलकं हलकं म्हंताय, ह्ये कुटं हलकं हाय? लई जड हाय."

मी म्हणालो, काहीतरी गैरसमज होतोय, हे मुद्दाम हलकं करून घेतलंय. मल्लिनाथ आत गेला आणि भंगारात काढलेल्या तसल्याच गाडीचं फ्लायव्हील घेऊन आला. "दोन्ही उचला साहेब." मी उचलली. वहिनींनी उचलली. मल्लिनाथनं शेजारच्या भंगारवाल्याकडे दोन्ही काट्यावर टाकली. फरक मूठभर शेंगदाण्यांएवढा.

वहिनींनी विचारलं, "मग मी इतके दिवस काय चालवत होते?"

"साधीच गाडी, वैनी. समदी चालवत्यात तसली."

बिचाऱ्यानं दिलासा म्हणून सांगितलं. वहिनींचा चेहरा बघून त्याला काही कळेना.

आम्ही तिथून चाक रिक्षात घालून भवानी पेठेत गेलो. अंबादासनं चाक लगेच ओळखलं. तुझी चौकशी केली. तू गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्यानं लेथ बंद केला आणि थोडा वेळ हात जोडून उभा राहिला. मग मी विचारलं. तो म्हणाला, "सर बोलले, हलकं करा. मी हलकंच केलं. जास्त मारलंच नाही."

मी म्हणालो, "हलकं म्हणजे वजनानं, अंबादास."

"वजनानं?" तो माझ्याकडे बघत राहिला. "आमच्यात हलकं मारा म्हटलं की हलका हात. वरवर. पॉवरलूमचा पार्ट आला की मालक तेच बोलतात, हलकंच कर, जास्त मारलं की पार्ट गेला. क्लचचं काम होतं, तोंड खराब झालं असेल, एक हात मारून साफ करून दिलं. सर पण बघून छान म्हटले की."

माझी नोकरी शब्दांची. एका शब्दाचे दोन अर्थ होतात म्हणून मी हजार मथळे बदलले असतील. हा शब्द माझ्यासमोरून कितीदा गेला आणि मला अडला नाही. आणि तू 'वजन कमी करा' असं साधं म्हणाला नाहीस, कारण तुझ्या डोक्यात दुसरा अर्थच नव्हता.

परत निघताना मी वहिनींना ते विचारलं, जे तुला विचारायचं होतं. "विनायकला माहीत असेल का?"

मला दोन्ही बाजूंनी पुरावे दिसतात. ते तुझ्यापुढे ठेवतो. चाक तू स्वतः नेलंस, स्वतः आणलंस, दोन्ही वेळा तुझ्या हातात होतं. तू यंत्रशास्त्र शिकवणारा माणूस. चाक हलकं केलं तर इंजिनचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला वेग, वाढवून ठेवावा लागतो, हे तूच मला शिकवलंस. मल्लिनाथ म्हणतो, त्याचा स्क्रू कोणी हलवलेलाच नाही. यावरून वाटतं, तुला कळलं होतं. कळलं, आणि तेवढ्यात वहिनी वळसंगला जाऊन आल्या, आणि तू गप्प बसलास. दुसऱ्या बाजूला तो होटगी रोड आहे. 'बघ कसं उचलतं' म्हणताना तुझा चेहरा मी पाहिला आहे. तो खोटा नव्हता. ज्याला एखादी गोष्ट इतकी हवी असते, त्याला ती जाणवतेही. एकाच बाजूवर मी कधी बातमी दिली नाही. इथे दोन्ही बाजू माझ्याकडे आहेत, पण हो किंवा नाही म्हणणारा माणूस नाही.

वहिनी म्हणाल्या, "माहीत असतं तर ह्यांच्या पोटात राहिलं नसतं. माझ्या वाढदिवसाची साडी मला आठवडाभर आधी कळायची." मग म्हणाल्या, "आणि माहीत असलं तर असू दे. मला ते शोधायचं नाही. तुम्ही पत्रकार, तुम्हाला लागतं."

मला वाटलं विषय संपला. रिक्षा वळणाशी आली तेव्हा त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "मागे फिरवा. परत भवानी पेठ."

अंबादास पुन्हा बाहेर आला. वहिनी म्हणाल्या, "आता करा."

"काय करू, बाई?"

"हलकं. वजनानं. आणि नेमकं कुठून काढणार ते आधी खडूनं मला दाखवा."

मी अडवलं. जे तुझ्याशी बोलायचो तेच बोललो: गाडी रोजची आहे, रस्ता गर्दीचा आहे, बंद पडेल, आणि आता शेजारी बसायला कोणी नाही. शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला ते परत घ्यावंसं वाटलं. वहिनी रागावल्या नाहीत.

"भाऊजी, ह्यांनी मला शाबासकी दिली. सगळ्यांसमोर. त्या शाबासकीवर मी दीडशे पोरांच्या शाळेत ताठ मानेनं जात होते. आता कळलं, ते काम मी केलंच नव्हतं. शाबासकी आधी मिळाली, काम राहिलंय. ते करू दे मला."

"नाही जमलं तर?"

"तर जड बसवेन परत आणि दादाला फोन करेन की गिऱ्हाईक पाठव. पण ते मी ठरवेन. न चालवता नाही ठरवणार."

तुझ्यापुढे मी एवढ्या लवकर कधी हरलो नाही.

अंबादासनं खडूनं चाकाच्या पाठीवर, कडेजवळ, एक गोल काढला. एवढंच काढणार, प्लेट बसते त्या बाजूला हात लावणार नाही, बीड आहे, जास्त काढलं तर वेगात फुटेल, असं तो समजावत होता. वहिनी वर्गात बसल्यासारख्या ऐकत होत्या. लेथवरून चाक बॅलन्सिंगला, म्हणजे ते समतोल फिरतं का हे तपासायला, एमआयडीसीत गेलं. या वेळी परत आणताना मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि मला फरक कळला. नवं सील, नवी प्लेट घालून मल्लिनाथनं सगळं बसवलं. भावाचा फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, गिऱ्हाइकाला थांबव. माझं काम चालू आहे."

गाडी सुरू झाली तेव्हाच कळलं की ही वेगळी गाडी आहे. बॉनेट थरथरत होतं. मल्लिनाथनं स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवलं. वहिनी बसल्या, क्लच सोडला, गाडी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. "वैनी, रेसवर जरा जास्त पाय द्या की. घाबरतीय ती." "ती नाही घाबरत, मी घाबरतेय," वहिनी म्हणाल्या. गॅरेजच्या दारापर्यंत जायला किती वेळा बंद पडली ते मी मोजलं नाही. भाऊ दारात उभे होते, करमाळ्याहून मुद्दाम आलेले. ते काही बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

मग गाडी रस्त्याला लागली. मी शेजारी होतो. आणि विनायक, ते खरंच उचलतं. तू सांगायचास तसं. पायाचा इशारा झाला की इंजिन वर येतं, पाय काढला की तसंच खाली येतं. जे तुला जाणवलं नसणार, किंवा जाणवलं असं तू म्हणालास, ते आता त्या गाडीत आहे. माझा मुद्दाही बरोबर निघाला: रोजच्या माणसानं असली गाडी बाळगू नये. तो वाद आता तुझ्याशिवाय बरोबरीत सुटला आहे, आणि मला त्यात काही गोडी वाटत नाही.

सिग्नलला, थोड्या चढावर, गाडी बंद पडली. दिवा हिरवा झाला होता. मागे एसटी, एसटीमागे रिक्षांची रांग, सगळे हॉर्न एकदम. माझा हात दाराकडे गेला. वहिनींनी मान हलवून मला थांबवलं. एक मोटरसायकलवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "ओ मॅडम, बाजूला घ्या की! धक्का देऊ का?"

वहिनींनी काच पूर्ण खाली केली. पाय थरथरत होता, मला दिसत होता. आवाज थरथरत नव्हता.

"धक्का नको. थांबा जरा. फ्लायव्हील हलकं आहे."

"काय हलकं आहे?" तो म्हणाला.

तोवर गाडी सुटली होती.